हिल्डाच्या वाटचं साल्झबर्ग

स्टॅन्स्टेडच्या विमानतळावर आमची बॅग तिसऱ्यांदा मशीनमधून फिरवली गेली, तेव्हा हे कानाशी म्हणाले, "पकडल्या बहुतेक दशम्या."

चाळीस दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट, डबाभर बेसनाचे लाडू आणि विजेवरचा छोटा कुकर. माणसं दोन, मुक्काम चार दिवसांचा. २००३ सालचा मे महिना. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते, लेस्टरमध्ये वीस वर्षं काढलेली, आणि स्वतःला फार हुशार समजायची. आता नातवंडांची आजी होऊन त्या बाईकडे बघते, तेव्हा तिला एक टपली मारावीशी वाटते.

साल्झबर्ग ठरलं ते आमची शेजारीण हिल्डा हिच्यामुळे. ती तिथली. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका इंग्रज शिपायाशी लग्न करून लेस्टरला आली. आता नवरा गेलेला, गुडघे गेलेले, आणि डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. आम्ही निघतोय म्हटल्यावर तिने कॅलेंडरच्या पानामागे तीन ठिकाणं लिहून दिली. कुठे बसायचं, काय मागवायचं, सगळं.

"मांस कशातच नाही, शुभा. अंडं तर तू केकमध्ये खातेसच. माझ्या वाटचं खाऊन ये, आणि मला सांग. सगळं सांग हं. मी काही आता जात नाही."

मी "नक्की" म्हटलं. दशम्या तोवर लाटून झाल्या होत्या.

विमान उतरताना डोंगर इतके जवळ आले की पंख घासतो की काय वाटलं. मधून हिरवट पाण्याची नदी, आणि वर टेकडीवर पांढरा किल्ला. "सिंहगड आंघोळ घालून उभा केलाय," हे म्हणाले. गल्ल्या अरुंद, दुकानांवर लोखंडी नक्षीच्या पाट्या लोंबलेल्या, आणि दर दहा पावलांवर कुणीतरी काहीतरी खात बसलेलं.

यादीतलं पहिलं ठिकाण म्हणजे जुन्या चौकातलं कॉफीहाउस. आत लाल मखमली बाकं. एक म्हातारे गृहस्थ लाकडी दांडीला अडकवलेला पेपर वाचत होते. काळ्या कोटातला वेटर दाराशी आला. "दोघं का?"

"नाही, नुसतं बघतोय," मी म्हटलं. जणू साड्यांचं दुकान!

"अगं, एक कप कॉफी तर पिऊ," हे म्हणाले.

"खोलीवर आहे की इन्स्टंट."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. ती बाकं, तो कोट, कुठला चमचा कशाला हे माहीत नाही. वीस वर्षं परदेशात राहून बाईसाहेबांना एका वेटरची भीती! आणि भीती वाटतेय हे कबूल करण्यापेक्षा "बाहेरचं कशाला?" म्हणणं सोपं.

दुसऱ्या ठिकाणी आम्ही बसलो तरी. तिथे नॉकर्ल (अंड्याचा फेस फुगवून भाजलेला गोड पदार्थ) मागवायचं होतं. वाढणारी बाई हसून म्हणाली, "एक घ्या, दोघांना पुरेल. पण वीस मिनिटं लागतील हं, आम्ही ताजं करतो."

वीस मिनिटं! तेवढा वेळ हात कुठे ठेवायचे? मी उठून म्हटलं, "आमची बस निघेल." बस कुठली, आम्ही चालत आलो होतो. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर ते आलं. सोनेरी फेसाचे तीन डोंगर, वर साखरेचं बर्फ, हलके थरथरणारे. हे दारापर्यंत मागे वळून बघत होते.

तिसरं ठिकाण गुरुवारच्या बाजारात होतं. तिथे चीजमधल्या पिठाच्या गोळ्या उभ्याने खायच्या होत्या. मी म्हटलं, "उभ्याने? भिकाऱ्यासारखं?" आणि नदीकाठच्या बाकावर दशमी सोडली. बसून.

त्या संध्याकाळी कुकर लावला आणि मजल्यावरचे सगळे दिवे गेले. आम्ही एका पेन्शनमध्ये (घरगुती हॉटेलात) उतरलो होतो. मालकीणबाई टॉर्च घेऊन वर आल्या. खोलीभर हिंगाचा वास.

"कुणी आजारी आहे का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"नाही."

"मग खोलीत का जेवता?"

मी हसले.

शनिवारी परत आलो, तर हिल्डाने टेबल मांडूनच ठेवलेलं. ब्रोच लावलेला, केस विंचरलेले. "बोल," म्हणाली.

मी बोलले. नॉकर्ल तोंडात कसं विरलं, चीज कसं ताणलं जात होतं. काय रंगवलं होतं हो मी! हिल्डा डोळे मिटून ऐकत होती. हे बिस्किटाकडे बघत होते.

"आणि कॉफी?" तिने विचारलं. "चांदीच्या ट्रेमध्ये येते ना? पाण्याचा ग्लास, आणि ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला?"

मला वाटलं, ही माझी परीक्षा घेतेय. ग्लासवर चमचा कोण ठेवेल? मी ठामपणे म्हटलं, "छे! साधा कप. चमचा बशीत."

तिने डोळे उघडले. "बशीत?"

"बशीत."

"दर रविवारी पप्पा न्यायचे. तो चमचा मी उचलायचा, असं ठरलेलं असायचं." मग म्हणाली, "म्हणजे तेही गेलं."

आमच्या फाटकाशी हे थांबले. "ट्रे होता. चमचाही होता, पालथा."

"तुम्हाला काय माहीत?"

"तू दुपारी झोपली होतीस, तेव्हा मी जाऊन आलो."

"मग बोलला का नाहीत?"

"तिच्यासमोर तुला खोटी पाडू? आता तूच जाऊन सांग."

उद्या सांगते, म्हटलं.

हिल्डा पुढच्या हिवाळ्यात गेली. तोवर आठ महिने होते माझ्याकडे, आणि मध्ये एक कमरेएवढं कुंपण. त्यातल्याच एका सकाळी मी मागे कपडे वाळत घालत होते, आणि पलीकडे ती पोस्टमनला सांगत होती, "नाही रे, आता जायची इच्छाच नाही. तिथे जुनं काही राहिलं नाही म्हणे. ही शुभा नुकतीच स्वतः बघून आलीये." आणि माझ्याकडे बघून तिने हात हलवला.

माझ्या तोंडात कपड्याचा चिमटा होता. तो काढून एकच वाक्य बोलायचं होतं. मीही हात हलवला.