योकोहामाहून पाठवलेली कॅसेट

ताई, सहार विमानतळावरचा तो दिवस तुला आठवत असेल. गोंधळाला निघावं तसे आबा संबळ घेऊन मला पोचवायला आले होते, गोधडीच्या कापडात गुंडाळून. "आई भवानीच्या नावानं दोन ठोके देतो, मग जा," म्हणाले. माझ्या शेजारी टाय लावलेले चार इंजिनिअर उभे होते. मी हळूच म्हणालो, "आबा, इथं नको. ऑफिसची माणसं आहेत." आबांनी काठ्या खिशात ठेवल्या. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज लिहितानाही मान खाली जाते.

योकोहामात मला गाण्याचं वेड लागलं. बंदराचं गाव, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत बोटींवरून इथे कधीच उतरलं आणि रुजलं. स्टेशनमागे मोरी-सान नावाच्या गृहस्थांचं रेकॉर्डचं दुकान होतं. शनिवारी दुपारी मी तिथे ब्लूज ऐकत बसे. कापूस वेचणाऱ्यांची, दारोदार गाणाऱ्यांची गाणी. खरं संगीत अशा गरिबांकडूनच येतं, असं मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवायचो. दारोदार गोंधळ घालून ज्याने मला इंजिनिअर केलं, तो माणूस मात्र माझ्या बोलण्यात कधी आला नाही.

थंडीच्या तोंडावर बंदराजवळच्या बागेत शहरातल्या ब्लूज, सोल आणि हिप-हॉपवाल्यांचा उत्सव भरे. मी केबल ओढायला, माइक तपासायला जाई. तिथली रीत अशी, की आपण कुणामुळे इथवर आलो ते आधी सांगायचं, मग वाजवायचं. मोरी-साननी मासळीबाजारात पेट्या उचलणाऱ्या वडिलांचं नाव घेतलं. ढगळ पँट घातलेल्या एका रॅपर मुलीने न्हावीकाम करणाऱ्या आजोबांचं. मग मोरी-साननी मलाही माइकसमोर ओढलं. "माय फादर इज अ स्कूल टीचर," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि अक्कल बघ माझी! सगळा कार्यक्रम कॅसेटवर घेऊन मोठ्या हौसेने घरी पाठवला. त्यात माझं ते वाक्यही आहे, हे पाकीट पोस्टात टाकल्यावर आठवलं. तुझं पत्र आलं : "आबांनी कॅसेट दोनदा ऐकली. टीचर म्हणजे मास्तरच ना, असं विचारत होते. मी म्हटलं, नीट ऐकू येत नाही." फोनवर आबा एवढंच म्हणाले, "ती पोरगी तालाला पक्की हाय. आपल्या गोंधळात चालली असती."

दोन वर्षांनी मी सुट्टीवर आलो. एका संध्याकाळी आबा मागच्या दाराने निघाले होते, काखेत तेच गोधडीचं गाठोडं. खालच्या आळीत लग्नघरी गोंधळ आहे, हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं, "आबा, कुठे निघालात?"

"शाळेत."

ते हसले नाहीत. मी पुढे होऊन गाठोड्याला हात घातला.

"राहू दे," आबा म्हणाले, "कुनी बघंल."

ते गेले. थोड्या वेळाने खालच्या आळीतून ठोके ऐकू आले. मी दारातच उभा होतो.

तू विचारतेस, आता घर कुठलं म्हणायचं, इथलं की तिथलं. ताई, डोळे मिटले की मला ते मागचं दार दिसतं. दिवाळीला येतोय. या खेपेला आबांना पुढच्या दाराने निघायला सांग. संबळ मी घेईन, कापड न गुंडाळता.