पिवळ्या क्रेयॉनचे फराटे

आमचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका पाहिली नव्हती. गाडीच्या अल्टरनेटरची मात्र पाहिली. त्याच्या अंगावर जन्मतारीख कोरलेली असते आणि ती गाडीच्या जन्मतारखेच्या आधीची, पण फार आधीची नको, अशी अट असते. पहिला आला तो गाडीपेक्षा धाकटा निघाला. नवऱ्याने तो परत अमेरिकेला पाठवला. नकार कळवताना वरपक्ष लिहितो तसं सभ्य पत्रही सोबत जोडलं.

नवरा भूलतज्ज्ञ. तीस वर्षं इथे इंग्लंडमधल्या हॉस्पिटलांत लोकांना झोपवून त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि रीडिंग गावातल्या आमच्या गॅरेजमध्ये एक जुनी अमेरिकन मसल कार आणून ठेवली. बोनेट लांबलचक, आवाज रणगाड्याचा, स्टिअरिंग डावीकडे. कारपार्कचं तिकीट घ्यायला मला खिडकीतून अर्धं बाहेर लोंबावं लागलं. पण तो प्रसंग एकदाच आला, कारण त्यानंतर पाच वर्षं गाडी सुट्या भागांत होती. क्लिपा माझ्या श्रीखंडाच्या डब्यांत, आणि जेवणाच्या टेबलावर कार्ब्युरेटर.

ध्येय एकच. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी करायची आणि जुन्या गाड्यांच्या क्लबच्या परीक्षकाकडून तसं सर्टिफिकेट मिळवायचं. परीक्षक एकदाच येतो. नापास झालात तर पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि रांग काही वर्षांची. या सर्टिफिकेटबद्दल त्याने लेस्टरच्या भावापासून आमच्या पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

"सगळं चकचकीत झालंय ना?" मी एकदा विचारलं.

"चकचकीत नको," तो दुखावून म्हणाला. "कारखान्यात दाराच्या आत रंगाचा ओघळ राहायचा. मी तो ओघळ आणलाय."

"किती दिवसांत?"

"चार."

याच काळात आमच्या बॉयलरचं बटण तुटलं. ते चिकटपट्टीवर होतं. त्याचा ओरिजिनल पार्ट मिळतो का, हे बघायला त्याला वेळ नव्हता.

परीक्षकाची तारीख आली ती नेमकी खंडेनवमीची. माझ्या वडिलांचा कोल्हापूरला लेथचा छोटा कारखाना होता. खंडेनवमीला आम्ही सगळी यंत्रं रॉकेलने धुवायचो, पुसायचो, हळदकुंकू आणि झेंडूचे हार. मळक्या हत्याराची पूजा करणं म्हणजे पारोशा अंगाने ताटावर बसणं, असं वडील म्हणत. इथे मी दर वर्षी स्क्रू-ड्रायव्हर आणि शिवणाच्या मशीनवर भागवते. या वर्षी घरात खरंखुरं यंत्र होतं.

सकाळी नवरा परीक्षकाला आणायला स्टेशनवर गेला. जाताना म्हणाला, "फक्त एक फूल ठेव. बाकी हात लावू नकोस."

एक फूल ठेवायला मी बोनेट उघडलं. आत इंजिनामागच्या काळ्या पत्र्यावर कुणीतरी पिवळ्या क्रेयॉनने गिरगटलेलं. एक आकडा, एक बरोबरची खूण, दोन आडवे फराटे. पाच वर्षं काम करून एवढं पुसायला विसरला, असं मनात म्हटलं आणि व्हाइट स्पिरिटचा बोळा फिरवला. पत्रा लख्ख झाला. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला, हात जोडले. वर पाहिलं तर भिंतीवर लॅमिनेट केलेला फोटो: तोच पत्रा, तेच फराटे, खाली नवऱ्याच्या अक्षरात 'कारखान्यातील तपासनिसाच्या खुणा. तीन वीकेंड.'

ते दोघं यायला फार तर दोन मिनिटं होती.  ड्रॉवरमध्ये क्रेयॉन होता, खास मागवलेला. वडिलांच्या कारखान्यात पास झालेल्या मालावर खडूने खूण करायचं काम शाळेच्या सुट्टीत माझ्याकडे असायचं. दिवसाला तीनशे नग. तशा खुणा काढताना कुणी विचार करत नाही, बघतही नाही. मी फोटोकडे एकदा पाहिलं आणि चार खुणा मारून बोनेट लावलं. बाहेर आमची रोजची गाडी थांबल्याचा आवाज आला.

परीक्षक सत्तरीचा, गुडघ्यांना पॅड बांधलेला, हातात दातांच्या डॉक्टरचा असतो तसा आरसा. दोन तास गाडीखाली होता. नवरा भिंतीला टेकून उभा. इतका पांढरा तो ऑपरेशन थिएटरमध्ये कधी झाला नसेल.

बोनेट उघडलं. परीक्षक थांबला.

"या खुणा कोणी काढल्या?"

"मी," नवरा म्हणाला. "काही चुकलं?"

"लोक शाळेच्या वहीत काढाव्यात तशा काढतात. एका नजरेत कळतं. या बघा, चहाच्या सुट्टीला दोन मिनिटं उरलेल्या माणसाने मारल्यासारख्या आहेत. वीस वर्षांत अशा पाहिल्या नव्हत्या."

नवऱ्याने नम्रपणे मान खाली घातली. परीक्षकाने आरसा आत सरकवला.

"आणि हा लाल ठिपका? हा त्या कारखान्याचा नाही."

"आमच्या कारखान्याचा आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, झेंडूकडे बघितलं, आणि खिशातून चिमटा काढून बॅटरीच्या खालून एक तांदूळ उचलला. कुंकवाला अर्धा गुण कापला, तांदळाला अर्धा. सर्टिफिकेट दिलं. शेऱ्यात व्यवस्थित लिहिलंय: 'बॅटरी ट्रे, तांदूळ, एक दाणा.'

तो गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं. लपवून ठेवायला माझ्याकडे जागा नाही, सगळे डबे भरलेत. तो टॉर्च घेऊन गॅरेजमध्ये गेला, बऱ्याच वेळाने परत आला.

"उगाच काहीतरी सांगू नकोस," म्हणाला. "माझा हात मला कळतो."

सर्टिफिकेट फ्रेम होऊन बॉयलरच्या शेजारी लागलं आहे. गाडी चालवत नाहीत, चालवली की गुण जातात. बटण अजून चिकटपट्टीवरच आहे. त्या पट्टीवर मी उरलेल्या क्रेयॉनने एक फराटा मारून ठेवलाय. पास.