दादा पलीकडे असताना

माझा थोरला भाऊ गुजरातच्या एका बोटीवर खलाशी होता. हद्द ओलांडली म्हणून पलीकडच्या गस्तीनौकेने ती बोट पकडली आणि दादा पाकिस्तानच्या तुरुंगात जाऊन पडला. त्याला वर्ष उलटून गेलं, आणि मग तो हल्ला झाला. फिरायला गेलेली साधी माणसं, बायकापोरांसमोर गोळ्या घालून मारलेली. रत्नागिरीत आमच्या वाडीत त्या दिवशी कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. वहिनी टीव्हीसमोर बसून रडली. त्या बायकांसाठीच रडली. दादाचा विचार आमच्या मनात दुसऱ्या दिवशी आला.

मग आपल्या विमानांनी पलीकडे मारा केला. बोटी बाहेर काढू नका असं सांगण्यात आलं, त्यामुळे दर्यावर जाणारी पुरुषमंडळी दिवसभर घरी. काका सकाळीच आमच्या ओटीवर येऊन बसले.

"असाच दणका पाहिजे होता," ते म्हणाले.

वहिनी भांडी घासता घासता उठून दारात आली. "काका, आता तिथल्या आपल्या माणसांवर त्यांनी राग काढला तर?"

"अगो, एका माणसासाठी देशाने गप्प बसायचं काय?"

"गप्प बसा असं कुठे म्हणते मी?"

"मग काय म्हणतेस?"

ती परत भांड्यांकडे वळली. तिची बाजू घेऊन मीच काकांशी भांडलो. घरात बसून दणका मागायला काय जातं, असंही बोलून गेलो.

त्याच दिवशी माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी म्हणाला, "शेवटी दोन्हीकडची गरीब माणसंच मरणार." माझं डोकं फिरलं. "मग काय हात जोडायचे का त्यांच्यापुढे?" मी ओरडलोच. डबा बंद करताना लक्षात आलं, सकाळी काकांना जे बोलू दिलं नाही तेच मी इथे बोलत होतो. आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून.

घरी टीव्ही लावला की आई देवाचं नाव घेत बसायची. बंद केला की म्हणायची, "लाव रे, काय चाललंय ते कळू दे." पलीकडे फोन करायची सोय नव्हती. विचारणार तरी कुणाला?

वाडीतल्या तरुणांनी सैन्याला पाठिंबा म्हणून देवळासमोर सभा ठेवली. वहिनीने दोन शब्द बोलावेत म्हणून तिला बोलवायला आले. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "नाही गेले तर लोक नावं ठेवतील. गेले, आणि मोबाइलवरून माझं बोलणं पलीकडे पोचलं तर? तुम्हीच सांगा भावोजी."

मी आधी म्हटलं, नका जाऊ. थोड्या वेळाने म्हटलं, गेलं पाहिजे. ती उठून साडी बदलायला गेली.

सभेत तिच्या हातात माइक दिला. "त्या बायकांचे नवरे मारले. मारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी," ती म्हणाली. टाळ्या पडल्या. "माझा नवरा तिथे आहे. तो जिवंत परत हवा." टाळ्या थांबल्या. "हे दोन्ही एकत्र कसं बोलायचं, मला येत नाही." तिने माइक ठेवला. मागून कुणीतरी घोषणा सुरू केल्या. काका पुढे आले, तिचा दंड धरून तिला देवळाच्या पायऱ्या उतरवल्या आणि घरापर्यंत आणून सोडलं.

काही दिवसांनी मारा थांबला. आता ओटीवर वाद आहे, मारा थांबवायला हवा होता की नव्हता, यावर. दादा अजून तिथेच आहे. सुटकेचं विचारायला गेलो की सरकारी ऑफिसातले साहेब म्हणतात, "सध्या वातावरण तसं नाही." चहा मात्र पाजतात.

मला कुणी विचारलं तर मी अजूनही म्हणतो, मारा केला ते बरोबरच केलं. फक्त बोलण्याआधी वहिनी आसपास नाही ना, तेवढं बघून घेतो.