अकरा चकत्या

पेल्याखाली ठेवायची चकती क्रोशाने विणायला फारशी अक्कल लागत नाही, हिशेब लागतो. मधल्या कड्यात बारा खांब, म्हणजे उभे टाके, घालायचे. पुढच्या फेरीत चोवीस, मग छत्तीस, मग अठ्ठेचाळीस. खांब कमी पडले की चकती वाटीसारखी उठते, जास्त झाले की कडेला पापडासारख्या लाटा येतात. बरोबर असली की टेबलावर सपाट बसते.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा रुखवतासाठी मी दाराचं तोरण विणलं. लोकर पोहरादेवीच्या यात्रेत घेतली होती, सुकलेल्या मिरचीसारखी गडद लाल. तोरण होऊन थोडी उरली. उरलेली लोकर फेकणं मला जमत नाही, म्हणून तिच्या चकत्या केल्या. कडेची पांढरी फेरी एका जुन्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीची. मोजून बारा झाल्या. रुखवतात स्टीलच्या बारा पेल्यांखाली मांडल्या, तेव्हा आमच्या मानोरा गावातल्या बायका पेले उचलून खाली पाहत होत्या. आता रुखवत तयार मिळतं, काही जण तर भाड्याने आणून मांडतात आणि संध्याकाळी परत करतात. आमचं घरचं होतं.

जावई पुण्याला कंपनीत होता. लग्न झालं आणि आठवड्याच्या आत तो परत गेला. मुलगी सासू-सासऱ्यांजवळ गावी राहिली. खोली पाहतो, मग नेतो, असं तो म्हणत राहिला. सोयाबीनचे दोन हंगाम गेले, खोली सापडली नाही. मग कळलं की खोली पहिल्यापासूनच होती आणि तिच्यात दुसरी बाई राहत होती. शेवटी दोन्हीकडची माणसं बैठकीला बसली आणि आमची मुलगी आम्हाला परत मिळाली.

अशा बैठकीत मुलीसोबत दिलेलं सामान आमच्याकडे चारचौघांसमोर मोजून परत करतात. पलंग, गादी, कपाट, मिक्सर, भांड्यांची पोती. सगळं टेम्पोत चढल्यावर तिच्या सासूने एक प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर टाकली. मी चकत्या बाहेर काढल्या आणि मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"एक कमी हाय," मी म्हटलं.

"आता काय कमी हाय?"

"चकती. बारा होत्या. अकराच हायेत."

विहीण हसली. "इहीनबाई, पोरगी साबूत भेटली ना वापस? तिले मोजा. चिंध्या काय मोजता बाप्पा!"

बसलेली माणसं हसली. आमच्या बाजूचाही एक जण हसला. नवरा उठून म्हणाला, "चाल वं, पुरे झालं."

"बारा देल्या होत्या," मी म्हटलं.

पलंगाचा एक पाय मोडलेला होता, त्याबद्दल मी काही बोलले नाही. पलंग विकतचा होता. मुलगी टेम्पोजवळ आमच्याकडे पाठ करून उभी होती.

तिचं सामान आतल्या खोलीत छतापर्यंत रचलं. पलंग मांडायला जागाच उरली नाही. ती आपल्याच कपाटासमोर जमिनीवर सतरंजी टाकून निजायची. जेव म्हटलं की जेवायची, उठ म्हटलं की उठायची. तिचा बाप तिच्यासाठी बाजारातून काहीबाही आणायचा आणि ते ओट्यावर तसंच पडून राहायचं.

मी बारावी चकती करायचं ठरवलं. लाल लोकर मात्र संपली होती. यात्रा आली तेव्हा एक जुनी चकती पदराला बांधून पोहरादेवीला गेले आणि गर्दीतून तो दुकानदार शोधून काढला. त्याने चकती उन्हात धरून पाहिली. "तोच लाल हाय, बाई. नवा हाय म्हणून उजय दिसते. धुतला का होते बरोबर." मी लोकर धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. तो लाल काही आला नाही. तरी विणली. बारा जणी खिडकीत ओळीने ठेवल्या तर कोणती नवी हे लांबूनही सांगता आलं असतं. पण आकडा पुरा झाला, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यानेही मला बरं वाटलं. एक स्थळ आलं होतं. वाशिमचा, किराणा दुकान, बायको वारलेली, एक लहान मुलगी. पुन्हा बारा पेले मांडता येतील, असं माझ्या मनात होतं.

स्थळ नणंदेने आणलं होतं. मी नव्या चकतीची कड पुरी करत होते तेव्हा ती येऊन बसली.

"काय करून राह्यली वयनी?"

"सेट पुरा करून राह्यली."

"रुखवताचा? अवं, पाट हाय तिचा. बाईच्या दुसऱ्या लग्नात कोणी रुखवत मांडते काय? दोन हार आन् चहा. लोकं हासतीन ना तुले!"

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पाटाला रुखवत नसतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. ठाऊक असून विणत होते.

नणंद गेल्यावर मुलगी बाहेर आली. माझ्याजवळ बसली, चकत्या एकावर एक रचल्या आणि नवी तेवढी बाजूला काढली.

"हे कायले केली?"

"एक कमी होती ना. तुह्या सासूनं दाबली."

"तिनं नाई घेतली." तिने नवी चकती उलटी करून पाहिली. "त्याच्या ब्यागेत टाकली होती म्या. पयल्यांदा पुण्याले गेला तवा, कपड्याच्या मंधात. म्हटलं, तो तिच्यावर पाण्याचा गिलास ठेवीन, तं याद येईन घरची."

"मग?"

"दिवाळीले आला तं म्हणे, ते लाल गोल काय होतं वं, गॅसचा ओटा पुसाले लय चांगलं हाय. अजून असतीन तं दे दोन-चार." ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा. "आई, तो सोताचा गिलास उचलत नाई. तिथं ओटा कोण पुसून राह्यलं, मले तवाच समजलं."

तेव्हापासून बैठकीपर्यंत ती त्या घरात भाकरी थापत होती.

"मले सांगतलं काहून नाई?"

"बैठकीत सांगणार होती. पण तू मले विचारलंच नाई. सासूले विचारलं."

मी रविवारी पाहुणे येणार आहेत ते सांगितलं, पसंत आहे का ते विचारलं.

"येऊ दे ना," ती म्हणाली. मीठ मागावं तसं. "पण माह्यासोबत काही देऊ नको. हे बी नको. एक बी नको."

दोन हार आणि चहा झाला. ती वाशिमला गेली. त्या घरात सगळं आधीपासूनच आहे, पहिल्या बायकोचं. फोनवर मी विचारते, जेवली काय? ती म्हणते, जेवली. लेकरू कसं हाय? बरं हाय. मग ती फोन ठेवते.

आतल्या खोलीत सामान छतापर्यंत तसंच आहे. सगळ्यात वर ती पिशवी. एका चकतीपुरती लोकर कोणी विकत नाही, अख्खा गुंडा घ्यावा लागतो, त्यामुळे तो नवा लाल पुष्कळ उरला. दुपारी भांडी झाली की मी सुई घेऊन ओट्यावर बसते. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. सगळ्या सपाट बसतात. पिशवी आता भरत आली आहे. घरात आम्ही दोघंच.

हे कोणासाठी, असं नवऱ्याने एकदा विचारलं. मी खांब मोजत राहिले.