माझा साडू आणि सिरोंच्याची वाट

घरबसल्या जगात कुठलंही काम धड होतं, यावर माझ्या साडूचा काडीचाही विश्वास नाही. आणि लोकांची कामं घरबसल्या व्हावीत म्हणून लागणारी यंत्रं बसवून देणं हाच त्याचा धंदा. नागभीडमधली निम्मी दुकानं, दोन दवाखाने आणि मी जिथं व्यवस्थापक आहे ती हिरडा-मोहाची खरेदी करणारी छोटी संस्था, या सगळ्यांच्या वायरी त्यानेच ओढल्या आहेत. कुठेही गेला की तो आधी यंत्राकडे बघत नाही. परसात जाऊन अर्थिंगचा खड्डा शोधतो, जादा वीज जमिनीत नीट उतरावी म्हणून त्यात दोन बादल्या पाणी ओततो आणि मगच चहाला बसतो. एका डॉक्टरांनी घाई केली तर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुमी नाडी न पाहताच सुई टोचता काय?" डॉक्टरांनी मुकाट्याने दुसरी बादली भरून दिली.

त्याचा दुसरा अभिमान म्हणजे नंबर. ऑफिसातल्या संगणकांना एकमेकांना ओळखायला नंबर लागतात. ते साडू हाताने देतो आणि सगळीकडे तेच देतो: साहेबांचा दहा, कारकुनाचा अकरा, प्रिंटर पन्नास. शिवाय प्रत्येकावर स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवतो. "डोळे बांधून कोणत्याई ऑफिसात नेऊन सोडा, पन्नास म्हणजे प्रिंटर!" असं तो ऐटीत सांगायचा. यात कधी अडचण आली नाही, कारण दवाखान्यातल्या संगणकाला किराणा दुकानातल्या संगणकाशी बोलायची कधी वेळच आली नव्हती.

आमची एक शाखा गोदावरीकाठी सिरोंच्याला आहे. ती तिथल्याच एक बाई एकट्याने सांभाळतात. दर महिनाअखेरी साडू एसट्या बदलत तिकडे जायचा, नोंदी पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि शर्टाच्या आतल्या खिशाला सेफ्टी पिन लावून आणायचा. मुक्काम बाईंच्याच घरी. बाईंच्या वडिलांची दृष्टी गेलेली, आणि त्यांना तेलुगूखेरीज काही येत नाही. साडूला तेलुगूतलं 'जेवायला बसा' एवढंच कळतं. तरी दोघं ओट्यावर तासन्‌तास बोलत बसायचे. काय बोलता म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ते मासोळ्यायचं सांगतात, मी वायरीचं सांगतो. जमते आमचं."

यंदा संचालकांनी फर्मान काढलं: महिन्याभरात सिरोंच्याच्या नोंदी रोजच्या रोज नागभीडला दिसू लागल्या पाहिजेत, नाही तर शाखा बंद आणि बाईंची बदली इकडे. बाई फोनवर म्हणाल्या, "मी येईन सर. पण बाबाले इथल्या गल्ल्या पायानं माहीत आहेत. तिथं ते खाटेवरच बसून राहतील." उपाय होता व्हीपीएन गेटवे. दोन्ही ऑफिसांत एकेक चपटी पेटी बसवायची, की इंटरनेटच्या भर रस्त्यातून फक्त आपल्यापुरती झाकलेली वाट तयार होते. त्यासाठी दोन्ही पेट्यांना एकच गुप्त शब्द द्यावा लागतो. मी सुचवलं, पेटी पार्सलने पाठवू, शब्द बाईंना फोनवर सांगू. साडूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोर मीच. "साडूभाऊ, तोंडातून सुटला तो गुप्त कसा राहीन?" म्हणाला, आणि पेटी मांडीवर घेऊन गेला, बसवून आला.

मुदतीच्या दिवशी दुपारी चारला संचालक बघायला येणार होते. साडूने आमच्याकडची पेटी लावली. हिरवा दिवा लागला, मी टाळ्याही वाजवल्या, पण सिरोंच्याचं काहीच दिसेना. साडूने सगळ्या वायरी काढून पुन्हा घातल्या, परसात तिसरी बादली ओतून आला, आणि एक वाजता एकदम खुर्चीत बसला. दोन्ही ऑफिसांत त्याचेच लाडके नंबर होते. सिरोंच्याच्या दहा नंबरला हाक मारली की इथलाच दहा नंबर ओ देत होता, त्यामुळे पलीकडे काही जातच नव्हतं. "माह्याच नंबरानं मले बुडवलं जी," तो म्हणाला. मी संतापलो होतो, पण त्याचं तोंड बघून त्याच्यापुढे चहा सरकवला.

बाईंना फोनवर सांगून तिकडच्या दोन संगणकांचे नंबर बदलून घेता आले असते. पण एखादा आकडा चुकला तर खापर बाईंवर फुटेल, म्हणून त्याने आमच्याच नऊ संगणकांचे नंबर बदलायला घेतले. तिकडच्या पेटीला नवे नंबर इथूनच कळवले. जुन्या पट्ट्या तो नखाने खरवडत होता, ते मला बघवत नव्हतं. पावणेचारला बाईंचा फोन आला. "भाऊ, मी हिरड्याची नोंद टाकली. तिथं दिसली काय?"

दिसली होती. साडू पडद्यावरच्या त्या नोंदीवर बोट ठेवून म्हणाला, "दिसली जी, दिसली. बाबाले सांगा, आता कुठी जायचं नाई."

शाखा राहिली. ती वाट इतकी पक्की निघाली, की आजवर एकदाही तुटलेली नाही, आणि साडूला सिरोंच्याला पाठवायचं कारणच उरलं नाही. असं होणार हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. मला मात्र ते उमगलं परवा, बाईंचा फोन आला तेव्हा, आणि फार वाईट वाटलं. "सर, बाबा विचारून राह्यले, भाऊ काऊन येत नाई? आमचं काई चुकलं काय?"

मी साडूला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला बसस्थानकावर दिसला.

"सिरोंच्याला? काय बिघडलं?" मी विचारलं.

"काई नाई बिघडलं," तो म्हणाला. हातात ना पक्कड होती, ना वायरीचं भेंडोळं. त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे न कळून माझा साडू ते एकदा खिशात घालत होता, एकदा बाहेर काढत होता.