नसलेल्या सोसायटीचा चेअरमन

चांदपाशा कोणतंही खरेदीखत शेवटच्या पानापासून वाचतो. "पहिल्या पानावर समदे बढाया मारतात," म्हणतो. खुलताबादहून सकाळच्या बसनं येतो, नोंदणी कार्यालयासमोरच्या लिंबाखाली टेबल मांडतो. तीस वर्षं झाली, लोकांची घरं लोकांच्या नावावर करून देतो. स्वतः अजून भाड्याच्या खोलीत.

त्याच्यासमोर मी प्रथम उभा राहिलो तो जवळजवळ आरोपी म्हणून.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत बारा फ्लॅट. चाळीस वर्षं रंगमंचावर राजे रंगवून मी इथं राहायला आलो, तेव्हा पहिल्याच बैठकीत सगळे म्हणाले, "चेअरमन तुम्हीच!" मला मुकुटच दिसला. पाटी केली, शिक्का केला, कागदांवर 'गृहनिर्माण सोसायटी' छापून घेतलं. अशी सोसायटी आहे का, हे तेवढं विचारायचं राहिलं. अकरा वर्षं राज्य केलं.

मग तळमजल्यावरच्या द्वारकाबाई आल्या. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी फ्लॅट मुलीच्या, सत्यशीलाच्या नावावर करायचा होता. मी खर्जात गरजलो, "शेअर सर्टिफिकेट आणा. त्याशिवाय सोसायटीची सही नाही!"

बाईंनी आठवडाभर ट्रंका उपसल्या. वारलेल्या नवऱ्यानं ते हरवलं म्हणून त्याच्या फोटोशी भांडल्या, मग रडल्या. शेवटी सत्यशीला आम्हा दोघांना चांदपाशाकडं घेऊन गेली.

त्यानं बाईंच्या फ्लॅटच्या खरेदीखताची शेवटची पानं चाळली. हसला नाही, हे त्याचे उपकार.

"बाई, सर्टिफिकेट हरवलं नाय. ते कधी नव्हतंच."

"म्हंजी?"

"सोसायटी असती तर जमीन, इमारत तिच्या नावावर. तुमच्याकडं तिचे शेअर अन् राहायचा हक. तुमची बिल्डिंग अपार्टमेंट कायद्याखाली हाय. बिल्डरनं तसं घोषणापत्र नोंदवलंय. फ्लॅट थेट तुमच्या मालकीचा, वर जमीन, जिना, गच्चीत आठ टक्के हिस्सा. तो वेगळा तोडून मिळत नाय, फ्लॅटसंगंच जातो. बक्षीसपत्र करा अन् मोकळ्या व्हा."

"मग ह्यांची सही?" बाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्यांची? साक्षीदार म्हणून चालंल की."

"मग मी होतो तरी कोण?" माझा आवाज फाटला. असा फाटावा म्हणून पूर्वी मी महिनाभर तालीम करायचो.

"मालक. बारांतले एक." चांदपाशानं चष्मा पुसला. "उस्ताद, बिडकीनला तुमचं नाटक बघितलंय मी. राजा लई भारी केला होता. पण खेळ संपल्यावर मुकुट काढून आमच्यात चहा प्यायला बसला होता तुम्ही."

मी द्वारकाबाईंची वाकून माफी मागितली. सवयीनं जरा जास्तच वाकलो.

"पुरं आता नाटक," त्या म्हणाल्या. "सही करा."

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बक्षीसपत्र नोंदवलं गेलं, पण दुसऱ्या प्रतीवर. पहिलीवर साक्षीदाराच्या नावाखाली माझा हात आपोआप 'चेअर' इथपर्यंत गेला होता.