बाबांचा पावणा

हे लिहिणारा मी कोण, असा प्रश्न कुणी विचारण्याआधी मलाच पडतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. कॉलेजच्या वाचनालयात आठवणींची जी पुस्तकं आहेत, ती ज्यांनी काही करून दाखवलं अशा माणसांची आहेत. मी अजून काहीच केलेलं नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते एका आजाराबद्दल आणि त्याच्या गोळ्यांबद्दल, आणि मी डॉक्टर नाही, साधा बी.एस्सी.चा विद्यार्थी आहे. तेव्हा कुठे चुकलो तर जाणकारांनी रागावू नये. आजवर मला सगळ्यात जास्त हेवा ज्याचा वाटला तो माणूस मुळात नव्हताच. हे तोंडी सांगायला गेलो की समोरचा हसतो. लिहिताना निदान कुणाचं हसणं दिसत नाही.

आमचं गाव लांज्याच्या आतल्या अंगाला. बाबा आंब्याची कलमं बांधायचे. कोय रुजून तांबूस कोंब वर आला की तो छाटायचा, मधोमध चिरायचा, त्यात चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची. ऐकायला सोपं आहे. पण सुरी जरा तिरकी गेली तर काडी सुकते. बाबांची काडी क्वचितच सुकायची. पावसाच्या तोंडाला आजूबाजूचे नर्सरीवाले त्यांना आधीच सांगून ठेवायचे.

मला त्यांनी सुरीला हात लावू दिला नाही. लहानपणी जवळ जाऊन बसलो की म्हणायचे, "तू पुस्तक धर. हे करायला मी आहे." यात माया होती हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की बाबांचं सगळं बोलणं त्या कामात आहे आणि त्या कामात मला जागा नाही. कॉलेजात मित्रांचे वडील फोन करून पेपर कसा गेला ते विचारतात. माझे बाबा फोनवर "बरा हायस ना?" एवढं विचारून फोन आईकडे द्यायचे.

मग कंपवात आला, पार्किन्सन. आधी उजवा हात थरथरू लागला, मग पाऊल घसटायला लागलं, मग आवाज बसला. शेवटी चेहरा गेला. चेहरा गेला म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. माणूस तोच, पण हसू नाही, राग नाही, कपाळाला आठी नाही. मी शनिवारी होस्टेलवरून एसटीने घरी यायचो, बाबा पडवीत बसलेले असायचे आणि माझ्याकडे बघायचे ते घरापुढच्या खळ्यातल्या दगडाकडे बघावं तसे. आजारच तसा आहे, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. मी मनाला तेच समजावत होतो.

त्या डॉक्टरांच्या दोन गोळ्या चालू होत्या. एक लेव्होडोपा, जी सगळ्यांनाच देतात. दुसरी थरथर कमी करणारी, बारीक पांढरी. दिवाळीनंतर काका बाबांना मुंबईला घेऊन गेले. काका तिथे नोकरीला आहेत. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी एक तिसरी गोळी सुरू केली, आणि ही लागू पडली की ती पांढरी हळूहळू कमी करत बंद करा, असं सांगितलं. काकांनी ते आईला फोनवर नीट सांगितलंही.

आईने पांढरी गोळी बंद केली नाही. विसरली म्हणून नाही. तिचं म्हणणं असं, की रत्नागिरीच्या डॉक्टरांनी इतकी वर्षं आपल्याला सांभाळलं. एकदा तर ते जेवणावरून उठून दवाखान्यात आले होते. आता मुंबईचा डॉक्टर मिळाला म्हणून त्यांची गोळी त्यांना न विचारता टाकायची? ते बरं दिसत नाही. त्यांना भेटू, विचारू, मग बघू. आमच्याकडे माणसाचा मान असा ठेवतात. आणि भेटायला जायचं राहून गेलं. तोपर्यंत तिन्ही गोळ्या पोटात जात राहिल्या.

सुरुवातीला सगळं छानच झालं. बाबा खळ्यात फेऱ्या मारायला लागले. मग एका शनिवारी मी पोचलो तर पडवीतून बाबांचा आवाज ऐकू आला. कुजबुज नव्हे, जुना मोकळा आवाज. मला वाटलं कुणीतरी आलंय. आत जाऊन बघतो तर समोरच्या बाकड्यावर कुणी नव्हतं. बाबा त्या बाकड्याकडे बघून म्हणत होते, "काडी घेताना तिच्या टोकाचा डोळा फुगलेला बघायचा. पण फुटलेला नको. फुटला की गेला."

आणि ते हसले.

मी दारातच उभा राहिलो. तो चेहरा अजून हसू शकतो, हे मला तेव्हा कळलं. फक्त माझ्यासाठी हसत नव्हता.

मी आत जाऊन आईला विचारलं, "कोणाशी बोलतायत?"

"पावणा येतो," आई भाकरी थापता थापता म्हणाली, जणू बाजूच्या वाडीतला कुणी येतो. "पंधरवडा झाला असेल. माणूस चांगला हाय म्हणे. पांढरं शर्ट घालतो."

"आई, तिथं कोणी नाय."

"मला दिसत नाय हे मला कळतं रे. वेडी नाय मी." मग आवाज खाली करून म्हणाली, "शेजारची काकी म्हणते राखणदार असेल. जागा राखणारा देव. त्रास तर काय देत नाय. उलट हे जेवतात बरे."

राखणदार असो नाहीतर आणखी कुणी, मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. पण मी काय करत होतो? दर शनिवारी येऊन आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो आणि कान पडवीकडे लावायचो. कारण बाबा त्याला जे सांगत होते ते मी कधीच ऐकलं नव्हतं. पहिल्या वर्षी त्यांनी बांधलेली सगळी कलमं सुकली होती आणि लाजेने ते दिवसभर काजूच्या बागेत लपून बसले होते. आजोबांनी मारलं नाही, नुसते शोधत आले आणि म्हणाले, चल जेवायला. हे सगळं त्या बाकड्याला कळलं. मला भिंतीआडून.

तो प्रश्नही चांगले विचारत असावा. कारण बाबा मध्येच थांबायचे, मान कलती करायचे आणि म्हणायचे, "हां, हे बरं विचारलात. हे कोणी विचारत नाय." मला तेव्हा ओरडावंसं वाटायचं की मी विचारलं असतं! पण तुम्ही म्हणालात पुस्तक धर.

एका रविवारी मी ठरवून पडवीत गेलो आणि त्या बाकड्यावर बसलो. बरोबर मधोमध. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या जरा डावीकडे पाहिलं, जसं आपण गर्दीत कुणाची तरी माफी मागतो तसं.

"जरा सरक," मला म्हणाले. "ते बसलेत."

मी सरकलो. आज हसू येतं, पण खरंच सरकलो. आई दारातून बघत होती. म्हणाली, "अरे बस तू. पावणा काय, उभा राहील घटकाभर."

"असं कसं बोलतेस गो," बाबा तिच्यावर रागावले. "लांबनं येतात ते."

मी पण लांबून येत होतो. एसटीत दीड तास उभा राहून.

मग मार्चमध्ये बाबा दुपारी त्या पावण्याला पोचवायला म्हणून पायवाटेने खाली गेले आणि खालच्या ओढ्याच्या, आमच्या व्हाळाच्या, कडेला पडले. फार लागलं नाही, गुडघा सोलवटला. पण आई घाबरली. आम्ही बाबांना घेऊन रत्नागिरीला आलो.

डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. पांढऱ्या गोळीपाशी त्यांचं बोट थांबलं.

"ही मुंबईवाल्यांनी बंद करायला सांगितली नव्हती का?"

"सांगितली होती," आई म्हणाली. "पण तुमची होती ना. तुम्हाला न विचारता कशी बंद करू? म्हटलं, तुम्हाला काय वाटेल."

डॉक्टर क्षणभर हसले, मग कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, "वहिनी, मला काहीही वाटलं नसतं हो."

त्यांनी मग सावकाश समजावलं. या आजारात मेंदूतलं एक द्रव्य कमी पडतं, ते भरून काढायला गोळ्या लागतात. पण ते द्रव्य वाढवणाऱ्या गोळ्या जास्त झाल्या की मेंदूला समोर नसलेली माणसं दिसायला लागतात. पांढरी गोळी वेगळ्या वाटेने काम करते, पण वय झालेल्याला ती गोंधळात टाकते, तोंड कोरडं पाडते, भास वाढवते. एकेकटी गोळी वाईट नाही. तिघी एकत्र आल्या की घरात चौथा माणूस येतो. हे त्यांचंच वाक्य. त्यांना ते जरा गमतीचं वाटलं असावं. मला वाटलं नाही.

बाबा टेबलावरच्या गोळ्यांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ते नायत?"

"तुम्हाला काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबांनी विचार केला. "नसतीलही. पण मला काय त्रास नाय त्यांचा."

डॉक्टरांनी मुंबईला फोन लावला, दोघं बोलले. पांढरी गोळी एकदम तोडायची नाही, पायरी पायरीने उतरवायची. मुंबईचीही थोडी कमी करायची. थरथर वाढेल, बोलणं पुन्हा मंदावेल, पण पडणं आणि भास थांबवायचे तर हे करावं लागेल. "काय म्हणता?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, कारण मी शिकलेला.

"हो, करा," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की आईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, पोराला बापाची काळजी. काळजी होतीच. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यापुढे ते बाकडं होतं, रिकामं.

पावणा लगेच गेला नाही. आधी एक दिवसाआड यायला लागला, मग संध्याकाळचा फक्त. मी घरी असलो की बाबा पडवीत बसून वाट बघताना दिसायचे. हात पुन्हा थरथरायला लागला होता, ते तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरायचे. मी एकदा धीर करून समोर बसलो आणि विचारलं, "बाबा, कोयीच्या कोंबाला चीर किती खोल द्यायची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थिजलेला चेहरा. मग म्हणाले, "तुला कशाला ते?"

"असंच."

"परीक्षा हाय ना तुझी."

झालं. एवढंच. मी आत गेलो. जाणाऱ्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. तो चालला तो बाबांचा आवाज घेऊन चालला. माझ्यासाठी काही ठेवलं नाही.

एप्रिलमध्ये माझी प्रॅक्टिकल आणि लेखी परीक्षा लागून आली. मी होस्टेलवरच राहिलो. घरी फोनला रेंज नाही. बोलायचं तर चढण चढून सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं; पूर्वी दोघं मिळून जायचे, आता आई एकटीच, आणि बाबांना एकटं सोडून ती जाणार कशी? शेजारची काकी येऊन बसेल तेव्हाच. त्यामुळे बातमी कळत नव्हती. पांढरी गोळी आता पूर्ण बंद झाली असणार एवढा हिशेब मी करत होतो. बाबा कसे असतील, चालत असतील का, हे मनात यायचं. आणि त्याच्या मागोमाग, तो येतो का अजून?

परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आलो आणि फोन वाजला. आईचा. वाऱ्याचा आवाज इतका की अर्धं ऐकू येत नव्हतं.

"बरे हायत," आईने आधी सांगितलं. "पडले नायत. हात हलतो, पण जेवतात आपल्या हातानं."

"आणि पावणा?"

"तो नाय येत आता. बंदच झाला."

बरं वाटायला हवं होतं.

"पण बोलतात," आई म्हणाली. "परवापासनं पुन्हा बोलायला लागले. अगदी थोडा वेळ, दुपारचे. सुरी कशी धरायची, चीर किती द्यायची, सगळं. डॉक्टरला सांगायला पायजे ना रे हे?"

"सांगायला हवं," मी म्हणालो. "पण पावणा येत नाय म्हणालीस. मग बोलतात कोणाशी?"

वारा जरा थांबला असावा, कारण पुढचं स्वच्छ ऐकू आलं.

"तुझ्याशी," आई म्हणाली. "तू बसलेला असतोस म्हणे त्यांच्यासमोर."